माझ्याच अक्षरातले शेरे

इंदूरच्या मानसतज्ज्ञ मॅडमनी फोनवर चारच गोष्टी आणायला सांगितल्या. मुलगी, मुलीची आई, पहिलीपासूनची प्रगतिपत्रकं आणि जुन्या वह्या. वडील आले तर चांगलंच, नाही आले तरी चालेल, असंही म्हणाल्या. हे ऐकून आमच्या घरच्यांना जरा राग आला, आणि दुकान बंद ठेवावं लागणार नाही म्हणून बरंही वाटलं.

मी प्राथमिक शाळेतली शिक्षिका. त्या वेळी वीस वर्षं नोकरी झाली होती. आमच्या खात्यात साहेब येणार असं कळलं की शाळा नंतर झाडतात, आधी रेकॉर्ड पूर्ण करतात. हजेरी, दैनंदिनी, मूल्यमापन, सगळं कसं एका शाईत, खाडाखोड नसलेलं. इतक्या वर्षांत ती सवय हाडात मुरली होती. म्हणून मी दोन दिवस बसून मुलीच्या वह्यांना खाकी कव्हरं घातली, नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, प्रगतिपत्रकं इयत्तेप्रमाणे फाइलीत लावली. ज्या वह्या फाटक्या होत्या, ज्यांच्यात पानंच्या पानं कोरी होती किंवा एकाच कोपऱ्यात बारीक चौकोन काढून ठेवले होते, त्या माळ्यावर परत टाकल्या. असलं काही कोणी डॉक्टरला दाखवतं का? असं मला मनापासून वाटत होतं.

मुलगी बारावीत होती. सहामाहीत भौतिकशास्त्राच्या पेपरात तिनं तीन प्रश्न सोडवले आणि बाकीची पानं कोरी देऊन आली. घरी जेवताना मात्र तोच पेपर तिनं भाकरीचे तुकडे मोडत मोडत पहिल्यापासून शेवटपर्यंत तोंडी सोडवला. मी पुस्तक उघडून पडताळलं. एक उत्तर सोडून सगळी बरोबर.

"मग लिहिलं का नाही?" मी ओरडले.

"येत होतं ना मम्मी. पण मागची पेन टकटक करत होती, वर पंखा किरकिर करत होता, आणि त्या मॅडमच्या बांगड्या बजत होत्या. मला एकच लाइन सहा वेळा वाचावी लागली. मग टाइम खतम."

"नाटकं नकोत," मी म्हणाले. हे वाक्य मला विचार न करता यायचं.

तिच्या शाळेतल्या भौतिकच्या सरांनी मला बोलावून घेतलं. तरुण मास्तर होते, पण माझ्यापेक्षा शहाणे. ते म्हणाले की मुलीची एकदा नीट तपासणी करून घ्या. ऑटिझम किंवा एडीएचडी असं काही निघालं, तर रिपोर्टच्या आधारावर बोर्डात जादा वेळ मिळतो, वेगळी खोली मिळते, आणि तोच रिपोर्ट पुढं कॉलेजातही उपयोगी पडतो. अशा मुलांची यादी महिन्याच्या शेवटी जाणार होती. त्यानंतर ब्रह्मदेव आला तरी नाव घालता येणार नव्हतं. हातात तीन आठवडे होते.

मुलीला गणित घेऊन शिकायचं होतं. दुसरं काही नको होतं तिला; ना कपडे, ना मोबाइल. सरांचं बोलणं तिला सांगितलं तेव्हा तिनं शांतपणे हिशोब मांडल्यासारखं म्हटलं, "वेळ मिळाला तर मी करीन. नाही मिळाला तर बोर्डात असंच होईल, आणि मग कॉलेज नाही." त्यात रडणं नव्हतं की विनवणी नव्हती. मला त्याचीच भीती वाटली.

घरच्यांचा विरोध होता. "पोरगी चौथीत उलटे पाढे म्हणत होती, तिले काय धाड भरली? आन् एकदा का कागदावर लागलं ना, तर जिंदगीभर चिकटतं मग. कायले करतं हे?"

मी त्यांच्याशी भांडले. पण खरं सांगायचं तर आतून मी त्यांच्याच बाजूची होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही मूठ मी किती वर्षं झाकून धरली होती ते त्यांनाही पूर्ण माहीत नव्हतं.

सकाळच्या बसनं निघालो. असीरगडचा घाट गेला, खंडवा गेलं, मुलगी कानात कापसाचे बोळे घालून खिडकीशी बसली होती. बोळे पाहून शेजारची बाई विचारू लागली, "कान दुखतोय का?" मी लगेच म्हणाले, "हो ना, सर्दी झालीय." मुलीनं माझ्याकडे पाहिलं. तिला सर्दी नव्हती. ती असली खोटी कारणं कधी सांगत नाही; तिला ती सुचतच नाहीत. माझ्याकडे मात्र कायम दहा तयार असतात.

इंदूरच्या मॅडम पन्नाशीच्या, चष्मा साखळीला लावलेला, आवाज हळू. त्यांनी मुलीला आत घेतलं ते साडेदहाला. मी बाहेर बाकावर. दाराला काच होती, पण खडबडीत. नुसत्या आकृत्या दिसायच्या. अकरा वाजले, बारा वाजले. मी फाइल मांडीवर धरून बसले होते आणि निकालाच्या दिवशी पालक बसतात तसे माझे पाय हलत होते. वीस वर्षं मी टेबलाच्या पलीकडे बसले होते. अलीकडे बसायला काय वाटतं ते त्या दिवशी कळलं.

एक वाजता मुलगी बाहेर आली, दमलेली. आता मॅडमना आईशी एकटीशी बोलायचं होतं. मुलगी बाकावर बसली, मी आत गेले. दार लागलं.

मॅडमनी प्रश्न सुरू केले. लहानपणी इतर मुलांबरोबर खेळायची का? "हाँ जी, खूब खेलती थी." आवाजाचा त्रास व्हायचा का? "नहीं, ऐसा कुछ खास नहीं." एका गोष्टीवर बसली की उठायची नाही, असं काही? "पढ़ाई में लगन थी, बस." मला ऐकू येत होतं मी काय बोलते आहे ते, पण थांबता येत नव्हतं. स्थळ आल्यावर मुलीबद्दल सांगतात तसं मी सांगत होते. सगळं भरलेलं, खाडाखोड नसलेलं.

मॅडमनी माझी फाइल उघडली. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. आमची शाळा देडतलाईच्या बाजूला खेड्यात, हिंदी माध्यमाची. मुलीला पाच वर्षं मी बसमधून सोबत नेत होते. पाची प्रगतिपत्रकांवर ‘व्यवहार’, म्हणजे वर्तनाच्या रकान्यात एकच मजकूर होता: शांत, आज्ञाकारी, सबसे मिलजुलकर रहती है.

मॅडमनी पाची पत्रकं टेबलावर ओळीनं मांडली.

"ये सब एक ही हाथ का लिखा है ना?"

"जी, छोटा स्कूल है. दो ही टीचर हैं." हे खरं होतं. दुसरे गुरुजी सहावीपासूनच्या मोठ्या वर्गांना शिकवायचे, हे मी सांगितलं नाही.

मॅडमनी चष्मा काढला. त्यांनी मला जे सांगितलं ते असं. मुलीनं आज जे सांगितलं आणि चाचण्यांमध्ये जे दिसतं ते एका दिशेला जातं. तुमचे कागद आणि तुमचं बोलणं बरोबर उलट्या दिशेला. हे लहानपणापासून होतं, असं दिसल्याशिवाय मी ऑटिझम किंवा एडीएचडी लिहू शकत नाही. या कागदांवर मी फार तर परीक्षेची भीती असं लिहीन. त्यावर जादा वेळ मिळणार नाही.

"मतलब?" मी विचारलं, जरी मतलब समजला होता.

"मतलब, इन कागज़ों से आपकी बेटी का नुकसान हो रहा है."

काचेपलीकडे मुलीची आकृती दिसत होती, ताठ बसलेली. यादी जायला तेरा दिवस राहिले होते. मला वाटलं, उठावं, परीक्षेची भीती तर परीक्षेची भीती, तेवढा कागद घ्यावा आणि घरी जावं. नोकरी शाबूत, नाव शाबूत. पोरीला ट्यूशन लावू. होईल काहीतरी.

तेवढ्यात मॅडमनी सहज विचारावं तसं विचारलं, "एक बात बताइए. टेस्ट के टाइम वो पूरे वक्त अपने हाथों पर बैठी थी. दोनों हथेलियाँ नीचे दबाकर. ये कहाँ से सीखा उसने?"

ते मी शिकवलं होतं. पहिलीत. तिला आनंद झाला किंवा गोंगाट वाढला की तिचे हात हवेत फडफडायचे, आणि वर्गातली पोरं हसायची. मी तिला म्हणायची, "हातांवर बस." दिवसातून दहा वेळा. अकरा वर्षांनंतरही ती हातांवरच बसत होती, आणि मला ते दिसेनासं झालं होतं.

"मैंने सिखाया," मी म्हणाले. मग एकदम मराठीत सुरू झाले. मॅडमना मराठी कळत होतं की नाही कोण जाणे, पण त्यांनी अडवलं नाही. नंतर भानावर येऊन पुन्हा हिंदीत सगळं सांगितलं.

पत्रकांवरचं अक्षर माझं होतं. शेरे माझे होते. पाचही वर्षं तिची वर्गशिक्षिका मी होते, आणि त्यातला एकही शेरा खरा नव्हता. माध्यान्ह भोजनाला ताटांचा खणखणाट झाला की ती कान दाबून ओरडायची, म्हणून मी तिला ऑफिसातल्या कपाटामागे बसवून जेवू घालायची. तिला पाचही वर्षांत एकही मित्र किंवा मैत्रीण नव्हती. मधल्या सुट्टीत ती खडूचे तुकडे लांबीप्रमाणे लावत बसायची. ज्या वह्या मी कव्हरं घालून आणल्या होत्या त्यातल्या निम्म्या मी भरल्या होत्या, घरी बसून, तिच्यासारखं वेडंवाकडं अक्षर काढून. तिसरीत स्नेहसंमेलनाच्या दिवशी लाउडस्पीकर सुरू झाला आणि ती स्टेजवरून पळाली, सगळ्या गावासमोर. मी तिला शाळेमागे नेऊन मारलं.

मॅडम लिहीत होत्या. मी थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "आपको कभी शक नहीं हुआ?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. अडाणी आहोत, खेड्यातलं काय कळतं, असं म्हणता आलं असतं, आणि त्यांनी मान्यही केलं असतं. पण एकदा तोंड उघडलं होतं.

मुलगी दुसरीत असताना आमच्या खात्यात समावेशी शिक्षणाचं वारं आलं. घरात ठेवलेली, लपवलेली मुलं शाळेत आणायची, बाकीच्यांच्या बरोबरीनं बसवायची. आम्हाला पाच दिवसांचं प्रशिक्षण दिलं. एक पुस्तिका मिळाली. तिच्यात एका पानावर ऑटिझमची लक्षणं दिली होती, आणि मी बाकीच्या शिक्षकांमध्ये बसून ते पान वाचत होते. पहिलं लक्षण वाचलं, दुसरं वाचलं, चौथ्यापर्यंत आले आणि थांबले. ते पान म्हणजे माझी मुलगी होती. मी पुस्तिका मिटून पिशवीत टाकली आणि घरी आल्यावर पेटीच्या तळाशी ठेवली.

आणि पुढच्या आठवड्यात मी सर्वेला गेले. डोईफोडियाकडच्या वस्त्यांमध्ये घरोघरी फिरले. दारात उभी राहून आयांना सांगितलं, "लपवू नका. मूल असं आहे यात तुमचा दोष नाही. शाळेत पाठवा." एका आईनं तर माझे हात धरले आणि रडली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ही म्हण मी पोरांना शिकवलेली आहे, अर्थासकट. त्या वर्षी मी सात मुलांची नावं लिहून आणली, आणि त्यांचे शेरे अगदी खरे लिहिले. फक्त घरच्या पोरीचा खोटा.

"लिखकर देंगी?" मॅडमनी विचारलं. "आप टीचर हैं. अगर आप लिखें कि ये रिमार्क आपके हैं और सही नहीं हैं, तो मेरे पास आधार होगा."

मी सरकारी नोकर. सरकारी कागदावर खोटी नोंद केली, असं सही करून द्यायचं. हा कागद कुठं कुठं फिरेल? शाळेत जाईल, बोर्डात जाईल. कुणी माझ्या खात्यात पाठवला तर? माझ्याबरोबरच्या बायका काय म्हणतील? घरी काय म्हणतील हे तर ठरलेलंच होतं. मी पाणी मागितलं. पेन उघडलं, बंद केलं. वीस वर्षांत मी हजारो ओळी लिहिल्या असतील. त्या दिवशी पहिली ओळ लिहायला मला पाव तास लागला. मॅडम घाई न करता खिडकीतून बाहेर बघत राहिल्या.

शेवटी एक पान झालं. सही केली. अक्षर पत्रकांवरच्यासारखंच आलं, सुबक, गोल. त्याचीही चीड आली.

बाहेर आले तर मुलगी म्हणाली, "झालं?" मी म्हणाले, "झालं." तिनं आणखी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. परतीच्या बसमध्ये मला हलकं हलकं वाटत होतं. दार बंद होतं, पोरीच्या कानावर काही गेलं नव्हतं. काम झालं आणि मूठही झाकलेलीच राहिली, असं मी स्वतःला सांगत होते. मांजर डोळे मिटून दूध पितं, ते असं.

रिपोर्ट यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मी कुरिअरवाल्याला चार वेळा फोन केला असेल. आधी जिल्हा रुग्णालयाचा शिक्का, मग शाळा, मग बोर्ड. हातात चार दिवस उरले होते. पाकीट आलं तेव्हा मी शाळेत होते. घरी पोचले तर मुलगी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून वाचत होती. पाकिटावर तिचं नाव होतं, तिनं उघडलं. त्यात चूक काय?

मिळाला तिला जादा वेळ, हे इथंच सांगून टाकते. वेगळी खोलीही मिळाली. ऑटिझम, आणि त्याच्या जोडीला एडीएचडी, असं स्पष्ट लिहिलं होतं. चार दिवसांत शिक्के झाले, यादीत नाव गेलं, बोर्ड पार पडलं, आता ती कॉलेजात गणितच शिकते. पण मला ते सगळं पुसट आठवतं. लख्ख आठवते ती ती दुपार.

रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर एक भाग होता: आईने दिलेली माहिती. माझं पान मागे जोडलेलं होतं. मुलगी तो भाग बोट ठेवून वाचत होती. संपला, पुन्हा पहिल्यापासून वाचला. मी पर्स खांद्यावरच घेऊन दारात उभी.

"तुला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"दुसरीपासून?"

"हो."

मला वाटलं, आता ती रडेल, किंवा पाकीट फेकेल. मला तेच बरं वाटलं असतं.

"मला वाटायचं कुणालाच दिसत नाही," ती म्हणाली. "तू म्हणायचीस ना नाटकं आहेत. मला वाटायचं, असेल. मीच नाटक करत असेन आणि मलाच समजत नसेल. मी खूप ट्राय केलं बंद करायचं."

तिनं बोट पुन्हा त्याच ओळीवर ठेवलं.

"मग सांगितलं का नाही?"

माझ्याकडे उत्तरं होती. नोकरी होती, गाव होतं, तुझ्या लग्नाचं पाहायचं होतं, तुझ्या भल्यासाठीच केलं. सगळी ओठावर आली. ती माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याच्या जरा बाजूला बघत होती, ती नेहमीच तशी बघते, आणि उत्तराची वाट बघत होती. जे सांगीन ते ती खरं मानणार होती. आजवर मानत आली होती.

"लाज वाटायची," मी म्हणाले.

"माझी?"

"हो."

"आता?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. कुठल्याही आईनं तेच म्हटलं असतं. बसमधली ती सर्दी मला आठवली, अजून दोन आठवडेही झाले नव्हते.

"कधी कधी," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग होता का, मला ओळखता आलं नाही. तिनं रिपोर्टची पानं जुळवली, पाकिटात घातली.

"बरं," ती म्हणाली. "आता मला अंदाज लावत बसायला नको." आणि शाळेचा अर्ज भरायला बाहेरच्या खोलीत निघून गेली. मी पर्स खाली ठेवली आणि ओट्यापाशी बसून रडले.